एकच किल्ली, दोन्ही बाजूंना: सममित एन्क्रिप्शन कसे चालते आणि कुठे वापरले जाते

प्रश्न असा आहे: मजकूर बंद करायला आणि उघडायला एकच गुप्त किल्ली वापरणारी पद्धत, म्हणजे सममित एन्क्रिप्शन, आतून नेमकी कशी चालते, सार्वजनिक किल्लीची पद्धत (जिच्यात बंद करायची किल्ली सर्वांना उघड आणि उघडायची किल्ली गुप्त असते) उपलब्ध असताना ती अजून का टिकून आहे, आणि रोजच्या व्यवहारात ती कुठे वापरली जाते? मधल्या प्रश्नात एक गैरसमज दडलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. सममित पद्धत जुनी झाल्यामुळे कोपऱ्यात उरली आहे, अशी स्थिती नाही. आज जाळ्यावरून जाणारा किंवा डिस्कवर साठवलेला गुप्त मजकूर जवळजवळ संपूर्णपणे सममित पद्धतीनेच बंद केलेला असतो. सार्वजनिक किल्लीचे काम त्याआधीच्या काही क्षणांपुरते असते: समोरचा खरा आहे ना याची खात्री करणे आणि दोघांमध्ये एक सममित किल्ली ठरवणे. त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. आरएसए या सार्वजनिक किल्लीच्या प्रचलित पद्धतीत २०४८ बिटांच्या किल्लीने एका वेळी २५६ बाइटांपेक्षाही कमी मजकूर थेट बंद करता येतो आणि तेवढ्यासाठीही मोठ्या संख्यांचे जड गणित करावे लागते. उलट आजचा साधा संगणक एईएस ही सममित पद्धत वापरून सेकंदाला काही गिगाबाइट मजकूर सहज बंद करतो.

आता आतल्या यंत्रणेकडे. सर्वांत साधी सममित पद्धत एका ओळीत सांगता येते: मूळ मजकुराचा प्रत्येक बिट किल्लीच्या त्याच क्रमांकाच्या बिटाशी ताडून पाहा, दोन्ही सारखे असतील तर ० लिहा, वेगळे असतील तर १ लिहा. या क्रियेला एक्सॉर म्हणतात. मजकूर १०११००१० असेल आणि किल्ली ०११०१०११ असेल, तर उत्तर ११०११००१ येते. त्याच उत्तरावर तीच किल्ली पुन्हा चालवली की मूळ १०११००१० परत मिळते. किल्ली मजकुराइतकीच लांब असेल, पूर्णपणे यादृच्छिक असेल आणि एकदाच वापरली जाणार असेल, तर ही साधी पद्धत कोणत्याही ताकदीच्या संगणकाला फोडता येत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हे गणिताने सिद्ध केले. अडचण अटींमध्ये आहे. एक गिगाबाइटची फाइल पाठवायची तर आधी एक गिगाबाइटची किल्ली सुरक्षितपणे पोहोचवावी लागते, आणि ती पोहोचवता येत असेल तर फाइलच का पोहोचवू नये, हा प्रश्न उरतोच. शिवाय किल्ली दुसऱ्यांदा वापरली तर सगळे संरक्षण कोसळते, कारण दोन बंद मजकुरांचा एक्सॉर घेतला की किल्ली नाहीशी होते आणि हाती दोन मूळ मजकुरांचा एक्सॉर उरतो, ज्यातून भाषेची माहिती असलेला माणूस पुष्कळ काही बाहेर काढू शकतो. सोव्हिएत हेरखात्याचे संदेश अमेरिकेच्या ‘व्हेनोना’ प्रकल्पात अंशतः उलगडले ते याच कारणाने: एकदाच वापरायच्या किल्ल्यांची काही पाने दोनदा छापली आणि वापरली गेली होती. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो वेगळ्या वेषात परत येणार आहे.

म्हणून व्यवहारात तडजोड केली जाते. किल्ली लहान ठेवायची, १२८ किंवा २५६ बिटांची, आणि तिच्यापासून असा गुंता निर्माण करायचा की किल्ली माहीत नसलेल्याला तो निव्वळ यादृच्छिक गोंगाटासारखा दिसावा. येथे पद्धत गुप्त ठेवून काही साधत नाही. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, किल्ली तेवढी पडता कामा नये. आज हे तत्त्व या क्षेत्रात सर्वमान्य आहे. ‘आमचे अल्गोरिदम आम्ही कोणाला सांगत नाही’ असे अभिमानाने सांगणारे उत्पादन समोर आले की मी ते तिथेच बाजूला ठेवतो.

पहिला मोठा सार्वजनिक मानक डीईएस हा होता. आयबीएममध्ये होर्स्ट फाइस्टेल यांच्या कामातून तो पुढे आला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा सरकारी मानक झाला. त्याची रचना चांगली होती, पण किल्ली ५६ बिटांचीच होती. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने खास बांधलेल्या यंत्राने सगळ्या शक्य किल्ल्या एकामागून एक तपासत ५६ तासांत योग्य किल्ली शोधून दाखवली. तोपर्यंत नवा मानक निवडण्याची खुली स्पर्धा सुरू झालेलीच होती. पंधरा प्रस्तावांतून बेल्जियमच्या योआन डामेन आणि विन्सेंट राइमेन यांची रचना निवडली गेली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये ती एईएस या नावाने मानक झाली.

एईएस मजकुराचे १६ बाइटांचे ब्लॉक पाडते आणि प्रत्येक ब्लॉक चार ओळी व चार स्तंभांच्या चौकोनात मांडते. मग त्या चौकोनावर ठरावीक फेऱ्या चालतात: १२८ बिटांच्या किल्लीसाठी १०, १९२ साठी १२ आणि २५६ साठी १४. एका फेरीत चार क्रिया होतात. प्रथम प्रत्येक बाइटाच्या जागी एका ठरलेल्या २५६ नोंदींच्या तक्त्यातील दुसरा बाइट येतो. त्यानंतर चौकोनाच्या ओळी सरकवल्या जातात: पहिली जागच्या जागी राहते, दुसरी एक घर, तिसरी दोन घरे, चौथी तीन घरे सरकते. पुढे प्रत्येक स्तंभातील चार बाइट एकमेकांत असे मिसळले जातात की एक बदलला तर चारही बदलतात. शेवटच्या फेरीत ही मिसळण तेवढी गाळलेली असते. अखेरीस मूळ किल्लीपासून त्या फेरीसाठी तयार केलेली उपकिल्ली एक्सॉरने मिसळली जाते. अशी एक उपकिल्ली पहिली फेरी सुरू होण्याआधीही मिसळलेली असते, त्यामुळे दहा फेऱ्यांसाठी अकरा उपकिल्ल्या लागतात.

या चार क्रियांपैकी प्रत्येक एकटी पाहिली तर फारच साधी वाटते, आणि विद्यार्थी येथे नेहमी अडखळतात: एवढ्या साध्या पायऱ्यांतून सुरक्षितता येते कुठून? ती दोन गुणांच्या संयोगातून येते. ओळी सरकवणे आणि स्तंभ मिसळणे यांमुळे एका बाइटाचा परिणाम दोन फेऱ्यांतच सोळाही बाइटांवर पसरतो. म्हणून मूळ मजकुरातील एक बिट बदलला तर बंद मजकुरातील सरासरी निम्मे बिट बदलतात, आणि कोणते बदलतील याचा किल्लीशिवाय अंदाज येत नाही. पण नुसता पसारा पुरत नाही. सरकवणे, मिसळणे आणि एक्सॉर या तिन्ही क्रिया रेषीय, म्हणजे केवळ बिटांच्या एक्सॉरने मांडता येणाऱ्या, आहेत. तेवढ्यावर थांबलो असतो तर कितीही फेऱ्या केल्या तरी संपूर्ण एन्क्रिप्शन हा रेषीय समीकरणांचा एक संच राहिला असता आणि मूळ व बंद मजकुरांच्या थोड्या जोड्या हाती आल्यावर साध्या बीजगणिताने सुटला असता. तक्त्याची अदलाबदल हीच एकमेव अरेषीय क्रिया आहे आणि तीच हा मार्ग बंद करते. उलगडताना या सर्व क्रिया उलट्या क्रमाने उलट्या करायच्या असतात, आणि प्रत्येक फेरीला तीच उपकिल्ली लागत असल्यामुळे दोन्ही बाजूंकडे मूळ किल्ली एकच असावी लागते.

१२८ बिटांच्या किल्लीची ताकद किती, याचा अंदाज आकड्यांतूनच येतो. समजा एक अब्ज यंत्रे आहेत आणि प्रत्येक यंत्र सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासते. तरी सगळ्या शक्य किल्ल्या तपासायला सुमारे १,०८० कोटी वर्षे लागतील. संशोधकांनी २०११ मध्ये सर्व किल्ल्या तपासण्यापेक्षा थोडा जलद असा हल्ला दाखवला, पण त्याने १२८ बिटांची ताकद साधारण १२६ बिटांवर आली, म्हणजे व्यवहारात काहीही फरक पडला नाही. म्हणूनच एखादी ‘एईएसने सुरक्षित केलेली’ माहिती बाहेर आल्याची बातमी वाचली की एईएस फुटले असावे हा तर्क सर्वांत शेवटी करावा. कारण बहुधा पुढील तीन ठिकाणी सापडते: ब्लॉक एकमेकांना जोडण्याची रीत, मजकुराची अखंडता, आणि किल्लीची हाताळणी.

आधी ब्लॉक जोडण्याबद्दल. एईएस १६ बाइट बंद करते. प्रत्यक्षात मजकूर मेगाबाइटांत असतो. प्रत्येक ब्लॉक स्वतंत्रपणे त्याच किल्लीने बंद करणे हा मनात येणारा पहिला उपाय, आणि त्याचे नाव ईसीबी. त्यात समान ब्लॉकचे बंद रूपही समान येते, त्यामुळे मजकूर वाचता आला नाही तरी त्याची आकृती दिसत राहते. चित्राची फाइल अशी बंद केली तर चित्रातील बाह्यरेषा बंद फाइलमध्येही ओळखू येतात. २०१३ मध्ये अडोबीच्या ग्राहकांचे पासवर्ड बाहेर आले तेव्हा ते डीईएस तीनदा चालवून, ईसीबी पद्धतीने, एकाच किल्लीने बंद केलेले होते. किल्ली कोणाला मिळाली नाही, तरी ज्यांचे पासवर्ड सारखे त्यांच्या नोंदी सारख्या दिसत होत्या, शेजारी ग्राहकांनी स्वतःच लिहून ठेवलेल्या आठवणीच्या खुणा होत्या, आणि कित्येक पासवर्ड नुसते वाचून ओळखता आले. (पासवर्ड साठवायला एन्क्रिप्शन मुळात वापरूच नये, त्यासाठी आर्गॉन२ सारखे मुद्दाम संथ हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणाऱ्या क्रिया, असतात. पण तो वेगळा विषय आहे.)

आज प्रचलित असलेला उपाय म्हणजे गणकावर आधारलेली पद्धत. तीत मजकूर एईएसमधून जातच नाही. दर संदेशाला एक वेगळी संख्या घेतात, तिला नॉन्स म्हणतात. तिला १, २, ३ असा गणक जोडून ते मूल्य एईएसने बंद करतात, आणि त्यातून निघालेला बिटांचा प्रवाह मजकुराशी एक्सॉर करतात. म्हणजे वर सांगितलेली मजकुराइतकी लांब किल्ली येथे लहान किल्लीपासून गरजेप्रमाणे तयार होते. पण त्याबरोबर तिची जुनी अटही येते. त्याच किल्लीबरोबर तोच नॉन्स दुसऱ्यांदा वापरला तर प्रवाहही तोच येतो, आणि व्हेनोनाच्या वेळी जे घडले ते पुन्हा घडते.

ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही. लहान उपकरणे नॉन्सचा गणक तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात आणि वीज गेली की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आभासी संगणकाची जुनी प्रत पुनर्स्थापित केली तर गणकही मागे जातो, आणि हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. २०१७ मध्ये उघडकीस आलेला वायफायवरील क्रॅक हल्ला याच जातीचा होता: जोडणी प्रस्थापित होताना येणारा एक संदेश पुन्हा पाठवून समोरच्या उपकरणाला तीच किल्ली नव्याने बसवायला लावले जाई, त्यामुळे नॉन्सचा गणक मूळ पदावर येई. वायफायचा पासवर्ड कोणाला कळला नव्हता आणि एईएसलाही धक्का लागला नव्हता. यादृच्छिक नॉन्स घ्यायचे ठरवले तर जीसीएममध्ये (एईएस गणकाच्या पद्धतीने वापरणाऱ्या प्रचलित रीतीत) त्याची रुंदी सहसा ९६ बिटच असते, म्हणून एका किल्लीखाली सुमारे ४३० कोटी, म्हणजे २ चा ३२ वा घात इतक्या संदेशांपलीकडे जाऊ नये अशी मर्यादा मानकातच घातलेली आहे.

दुसरे ठिकाण अखंडतेचे. मजकूर वाचता येत नाही म्हणजे तो बदलता येत नाही, असे अनेक अनुभवी प्रोग्रॅमरही गृहीत धरतात, आणि ते चूक आहे. वर सांगितलेल्या गणकाच्या, म्हणजे प्रवाह, पद्धतीत बंद मजकुराचा एक बिट उलटवला की उलगडलेल्या मजकुरातील नेमका तोच बिट उलटतो. संदेशात रक्कम कोणत्या जागी आहे हे हल्लेखोराला माहीत असेल, आणि ठरावीक साच्याच्या संदेशांत ते माहीत असतेच, तर किल्ली नसतानाही त्याला ती रक्कम बदलता येते. म्हणून आज एन्क्रिप्शनबरोबर पडताळणीचा टॅग, म्हणजे मजकूर बदललेला नाही हे किल्लीने तपासता येणारी छोटी खूण, जोडलेल्या पद्धतीच वापराव्यात. एईएस-जीसीएम ही त्यांतील सर्वांत प्रचलित. चाचा२०-पॉली१३०५ ही दुसरी. डॅनियल बर्नस्टीन यांच्या या रचनेतील चाचा२० या एन्क्रिप्शनच्या भागात बेरीज, बिट फिरवणे आणि एक्सॉर एवढ्याच क्रिया असल्यामुळे एईएससाठी खास सूचना नसलेल्या प्रोसेसरवर ती अधिक वेगाने चालते. टॅग जुळला नाही तर उलगडलेल्या मजकुराकडे पाहायचेसुद्धा नाही. ‘आधी थोडे वाचून घेऊ, मग तपासू’ हा मोह मोठ्या फाइलींच्या बाबतीत हमखास होतो, आणि तेथेच दार उघडे राहते. जीसीएममध्ये नॉन्स पुन्हा वापरला गेला तर मजकूर तर उघडा पडतोच, वर खोटे टॅग बनवण्याची सोयही हल्लेखोराला मिळते, हे येथे नोंदवून ठेवतो.

तिसरे ठिकाण किल्लीचे, आणि उपयोगांची चर्चाही येथूनच करणे सोयीचे आहे, कारण एन्क्रिप्शन सगळीकडे जवळपास एकच असते. किल्ली कुठून आली आणि कुठे राहते, यावरच उपयोगांचे प्रकार पडतात.

शंभर जणांना आपापसांत जोडीजोडीने गुप्त बोलायचे असेल तर ४,९५० किल्ल्या लागतात. हजार जणांना ४,९९,५००. त्या प्रत्येक जोडीपर्यंत आधी पोहोचवायच्या कशा, हा सममित पद्धतीचा खरा दुबळेपणा आहे आणि १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडलेली किल्ली ठरवण्याची पद्धत याच प्रश्नाला उत्तर म्हणून आली. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा तिचेच आधुनिक रूप चालते: दोन्ही बाजू त्या जोडणीपुरती एक सामाईक गुप्त संख्या ठरवतात, तिच्यापासून जाण्याच्या व येण्याच्या दिशेसाठी वेगवेगळ्या किल्ल्या काढतात, आणि पुढचा सगळा मजकूर एईएस किंवा चाचा२० ने बंद होतो. संकेतस्थळांशी होणारी जोडणी सुरक्षित करणाऱ्या टीएलएसच्या २०१८ च्या १.३ मानकाने टॅग नसलेल्या सर्व जुन्या पद्धती काढूनच टाकल्या, हा त्या मानकाचा मला सर्वांत आवडणारा निर्णय. शेवटपर्यंत बंद राहणाऱ्या संदेश-सेवांमध्ये आणखी पुढची पायरी असते: सिग्नलच्या पद्धतीत प्रत्येक संदेशाची किल्ली वेगळी असते आणि वापरून झाली की ती पुसली जाते, त्यामुळे आज फोन हाती लागला तरी आधी जाळ्यावरून टिपून ठेवलेले बंद संदेश त्यातील किल्ल्यांनी उघडत नाहीत.

मोबाइल जाळ्यात मात्र किल्ली आधीपासून दोन्हीकडे असते. सिमकार्डात एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडीदार प्रत सेवा देणाऱ्या कंपनीकडे. ती स्वतः कधी हवेतून जात नाही, तिच्यापासून प्रत्येक वेळी तात्पुरत्या किल्ल्या काढल्या जातात. बँकांच्या व्यवस्थेतही मोठ्या प्रमाणावर हाच मार्ग आहे. एटीएमवर दाबलेला पिन कळफलकाच्या आतच बंद होतो, आणि वाटेत जिथे किल्ली बदलावी लागते तिथे तो उघडून पुन्हा बंद करण्याचे काम हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल नावाच्या, छेडछाड झाल्यास किल्ल्या पुसून टाकणाऱ्या उपकरणातच होते. त्यातली मुख्य किल्ली दोन किंवा तीन भागांत वेगवेगळ्या व्यक्तींकडे असते आणि कोणा एकालाही ती पूर्ण माहीत नसते. दुकानांतील कार्डयंत्रांत प्रत्येक व्यवहाराला नवी किल्ली काढण्याची पद्धत प्रचलित आहे. त्यामुळे यंत्र चोरीला गेले तरी मागचे व्यवहार उघडत नाहीत.

डिस्कचे एन्क्रिप्शन थोडे निराळे आहे. बिटलॉकर, फाइलव्हॉल्ट, लिनक्समधील लक्स ही डिस्क बंद करणारी साधने सामान्यतः एईएस एक्सटीएस या डिस्कसाठीच्या ब्लॉक जोडण्याच्या पद्धतीने वापरतात. सेक्टर, म्हणजे डिस्कचा ठरावीक आकाराचा तुकडा, आधीच पूर्ण भरलेला असल्यामुळे तिथे टॅग ठेवायला जागा नसते, म्हणून हे संरक्षण चोरीला गेलेल्या संगणकातील माहिती वाचली जाऊ नये यासाठी आहे. कोणी गुपचूप बदल केला तर तो पकडण्याची हमी त्यात नाही. येथे किल्ल्यांचे थर पाहण्यासारखे आहेत. डिस्क एका यादृच्छिक किल्लीने बंद असते आणि ती किल्ली वापरकर्त्याच्या पासवर्डपासून संथ पद्धतीने काढलेल्या दुसऱ्या किल्लीने बंद करून ठेवलेली असते. म्हणून पासवर्ड बदलला तरी सगळी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही, आणि डिस्क निकालात काढताना आतली किल्ली नष्ट केली की सगळी माहिती एका क्षणात निरुपयोगी होते. क्लाउडमधील साठवणही याच थरांच्या रचनेवर चालते. मात्र पासवर्ड दुबळा असेल तर २५६ बिटांच्या किल्लीला काही अर्थ उरत नाही. हल्लेखोर किल्ली शोधत बसत नाही, पासवर्ड शोधतो.

क्वांटम संगणकाची भीती विचारली जाते म्हणून तेवढे सांगतो. तो पुरेसा मोठा झाला तर आरएसए आणि डिफी-हेलमन मोडतील हे खरे. अमेरिकेच्या मानकसंस्थेने २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे मानक प्रसिद्धही केले. सममित पद्धतीवरचा ज्ञात परिणाम सौम्य आहे: क्वांटम संगणकावर चालणाऱ्या ग्रोव्हर यांच्या शोध-पद्धतीने किल्लीची ताकद बिटांच्या हिशेबात निम्म्यावर येते, म्हणजे २५६ ची १२८ होते, आणि तेवढी पुरेशी आहे. दीर्घकाळ जपायच्या माहितीसाठी २५६ बिट घ्यावेत, एवढाच त्याचा व्यावहारिक निष्कर्ष.

नव्याने काही उभारत असाल तर लिबसोडियमसारखे नावाजलेले ग्रंथालय (तयार कोडचा संच) घ्या, त्यातील टॅगसह चालणारी तयार पद्धत वापरा, आणि नॉन्स स्वतः सांभाळावा लागत नसेल तर उत्तमच. किल्ली प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहू नका. कोड साठवण्याच्या जागी एकदा गेलेली किल्ली पुढच्या आवृत्तीत खोडली तरी इतिहासात तशीच राहते, म्हणून ती उघड झाली असे समजून बदलायलाच हवी. आणि बदलता यावी यासाठी प्रत्येक बंद नोंदीबरोबर ती कोणत्या क्रमांकाच्या किल्लीने बंद केली हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. तो क्रमांक गुप्त नसतो आणि त्याला एखाददुसरा बाइट पुरतो, पण तो नसेल तर किल्ली बदलण्याच्या दिवशी कोणती नोंद जुन्या किल्लीची आणि कोणती नव्या, हे प्रत्येक नोंद उघडून पाहिल्याशिवाय कळायला मार्ग नसतो. जुनी किल्ली शेवटची जुनी नोंद नव्या किल्लीखाली येईपर्यंत जपून ठेवा, आणि जुन्या बॅकअपमध्ये तिने बंद केलेले काही राहिले आहे का हे तपासल्याशिवाय ती नष्ट करू नका.